‘वीजबिल निम्म्यावर आणा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डचा हिशोब

उन्हाळा लागला की कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच. शंभराच्या वर एक युनिट गेलं तरी सगळं बिल दुप्पट दराने येतं. प्लगला राहिलेला चार्जर महिन्याला शंभर रुपये खातो. एसी आधी १६ वर लावून खोली पटकन गार करून घ्यावी. पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जाते. फ्रिज रात्री बंद ठेवावा. कपडे रात्री धुवावेत, तेव्हा वीज स्वस्त असते. गॅस सोडून इंडक्शन घ्यावी. आणि शेवटी, एक ‘पॉवर सेव्हर’ डबी प्लगला लावावी, लिंक खाली दिली आहे. अख्खा संदेश त्या लिंकसाठीच लिहिला असावा असा मला दाट संशय आहे. तरी दावे एकेक करून तपासू.

‘१०१ वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने’

साफ चूक. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वीज आकार ४.७१ रुपये होता, दुसऱ्याचा १०.२९. म्हणजे १०१ युनिटांना ४७१ अधिक १०.२९, एकूण ४८१.२९ रुपये. संदेश म्हणतो तसं असतं तर हजारावर गेले असते. वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क वेगळे. दर पुढे-मागे होतात, हिशोबाची रीत तीच राहते. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर निराळे आहेत, पण तिथेही टप्पेच आहेत.

‘रिडिंग उशिरा घेतलं म्हणून वरच्या टप्प्यात ढकललं’ ही याच दाव्याची धाकटी बहीण. टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये तीन महिन्यांचं एकत्र बिल आलं तेव्हा यावरून बराच गदारोळ झाला. पण त्या बिलांत टप्पेही तिप्पट धरले होते. पहिल्या ३०० युनिटांना पहिलाच दर लावला होता.

या टप्प्यांतून निघणारी खरी कामाची गोष्ट मात्र संदेशात कुठेच नाही. तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं. २०२४-२५ च्या त्याच दरांनी, महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्याचं एक युनिट वाचलं तर १०.२९, त्यावर १.१७ वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून सव्वातेरा रुपयांच्या आसपास वाचतात. ८० युनिट वापरणाऱ्याचे जेमतेम पावणेसात. एकाच्या घरी वर्षात वसूल होणारी वस्तू दुसऱ्याकडे दोन वर्षं घेते, ती यामुळे. पुढचे सगळे आकडे मी सव्वातेराच्या भावाने मांडले आहेत.

‘चार्जर शंभर रुपये खातो’

मोबाइल न जोडता प्लगला राहिलेला आजचा चार्जर पाव वॅटच्या आसपास वीज घेतो. महिन्याचे ७२० तास धरले तरी पाव युनिटसुद्धा होत नाही. तीन रुपयेही नाहीत. शंभर रुपये खाणारी वस्तू त्याच कोपऱ्यात आहे, ती म्हणजे टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. रिमोटने ‘बंद’ केला तरी तो बरेचदा दहा वॅटच्या आसपास घेत राहतो. महिन्याला सात युनिट, म्हणजे नव्वद-पंचाण्णव रुपये. त्याचं बटण भिंतीवरून बंद करा आणि चार्जरला माफ करा.

‘एसी आधी १६ वर’

१६ हा आकडा म्हणजे कुठे थांबायचं ती खूण; गारव्याचा वेग त्याने वाढत नाही. तापलेल्या खोलीत कॉम्प्रेसर २४ वर लावला तरी सुरुवातीला पूर्ण जोरानेच चालतो, साधा असो की इन्व्हर्टर. १६ वर लावून माणूस विसरतो, झोपतो आणि पहाटे पांघरूण शोधतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजाने प्रत्येक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार-लेबल असलेले एसी मुळात २४ वरच सुरू होतील असा नियमही आहे. २६ वर ठेवून सोबत पंखा लावला तर बहुतेकांना पुरतं.

‘पंखा हळू केला तरी वीज तेवढीच’

भिंतीवर तो जुना, मोठा, तापणारा रेग्युलेटर असेल तर यात थोडं तथ्य आहे, कारण बरीचशी वीज त्या डब्यातच उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरला हे लागू नाही. तिथे वेग कमी केला की वीजही चांगलीच उतरते.

पण पंख्याचा मोठा मुद्दा रेग्युलेटरचा नाहीच. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा पूर्ण वेगाला तिशीच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला वीस युनिटांचा फरक, म्हणजे पावणेतीनशे रुपयांपर्यंत. अडीच-तीन हजारांचा पंखा भरपूर वापराच्या दहा-अकरा महिन्यांत वसूल होतो. सगळे एकदम बदलू नका. ज्याच्याखाली घर झोपतं तो आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

फ्रिज आणि रात्रीची धुणी

फ्रिज बंद केला तरी बाहेरची उष्णता आत शिरायची थांबत नाही. रात्रभर न चाललेला कॉम्प्रेसर सकाळी जवळपास तेवढंच काम जोरात करतो. बचत किरकोळ आणि दूध नासलं तर तीही गेली.

रात्रीच्या स्वस्त विजेचा सल्ला तर सरळ परदेशातून उचललेला आहे. आपल्याकडे साध्या मीटरला दिवस-रात्र एकच दर. वेळेनुसार नोंद करणारे नवे मीटर बसले आहेत तिथे जुलै २०२५ पासून सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर, कारण सौर वीज तेव्हा मुबलक असते. म्हणजे सल्ला पाळणारा नेमकी उलट वेळ साधतो.

‘गॅस सोडा, इंडक्शन घ्या’

१४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठेक टक्के भांड्यात जाते, इंडक्शनवर पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे एका सिलेंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशे युनिट लागतात. सव्वातेराच्या भावाने ते झाले साडेसोळाशे रुपये. पहिल्या टप्प्याच्या भावाने साडेआठशे, पण स्वयंपाकच विजेवर आला की पहिल्या टप्प्यात राहायचं कोणी? सिलेंडर नऊशेच्या आसपास मिळतोय तोवर दुसऱ्या टप्प्यातल्या घराला गॅसच परवडतो. चहापुरती, गॅस संपला तर अडीअडचणीला इंडक्शन जरूर ठेवावी.

आता संदेशात नसलेली गोष्ट: गिझर. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायला ०.३५ युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या, महिन्याला चाळीसेक युनिट, साडेपाचशे रुपये. इतक्या उपायांत हा नाही म्हणजे कमाल आहे! अंघोळी पाठोपाठ उरकणं, बटण लगेच बंद करणं, थर्मोस्टॅट खाली आणणं आणि शॉवरऐवजी बादली, याने यातला बराच भाग वाचतो. गच्चीवर सौर बंब चालू असेल तर प्रश्नच नाही. तो बिघडून वर्षानुवर्षं नुसता उभा असतो, अशा सोसायट्याही कमी नाहीत.

‘पॉवर सेव्हर’ डबी

आत एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग) आणि एक दिवा असतो. विकणारा मोटर चालू करून, चिमटा-मीटर लावून दाखवतो की डबी जोडल्यावर अँपिअर कमी झाले. ते खरंच कमी होतात. पण घरगुती बिल अँपिअरवर येत नाही, प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांवर येतं आणि त्यात कपॅसिटरने काही फरक पडत नाही. कपॅसिटरचा फायदा कारखान्यांना असतो. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर या हिशोबाने निघतं, तिथे पॉवर फॅक्टर (त्यातली प्रत्यक्ष कामाला आलेली वीज किती, ते प्रमाण) थेट पैशांत दिसतो.

खात्री घरीच होते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी दर युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरांवर ३२००. घरातलं सगळं बंद करून फक्त साधा पंखा लावा: पाच मिनिटांत वीसच्या आसपास मोजाल. बीएलडीसी लावा, आठेक. नुसता चार्जर लावला तर तासभर बसूनही कदाचित एकही दिसणार नाही. डबी आधीच मागवली असेल तर एकच मोटर चालू ठेवून ती लावून मोजा, काढून मोजा. फक्त पैसे परत मिळायची मुदत संपायच्या आत मोजा.