हरवलेली चावी, सापडलेले अण्णा

आमच्या घरात चावी कधी हरवत नाही, ती 'इथेच कुठेतरी' असते. फ्रिजवर, कणकेच्या डब्याखाली, एकदा तर देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीशी. रोज सकाळच्या या शोधमोहिमेला कंटाळून मुलीने दिवाळीत मला एक ट्रॅकर आणून दिला. दहाच्या नाण्याहून जरासा मोठा, पांढरा, गुळगुळीत. किंमत तीन हजारांवर. कोपऱ्यावरचा चावीवाला दीडशेत डुप्लिकेट करून देतो, म्हणजे तेवढ्या पैशांत मी वीस वेळा चावी हरवू शकलो असतो. हा हिशेब मांडल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, सोय बघा ना!" मग चावीच्या जुडग्यात आमचे अष्टविनायक लटकत होते, त्यांच्या शेजारी हा नववा बसला.

त्यात जीपीएस असेल असं मला वाटलं होतं. नसतं. ते बटण आपलं ब्लूटूथवर 'मी इथे आहे, मी इथे आहे' असं पुटपुटत राहतं. जवळून जाणारा त्या नेटवर्कमधला कुठलाही फोन ते ऐकतो आणि गुपचूप वर कळवतो. फोनवाल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. निरोप कुलूपबंद असतो, खुद्द कंपनीलाही तो वाचता येत नाही म्हणे. वाचता येतो फक्त मालकाला. वाड्यात नळावर हीच व्यवस्था होती, फक्त कुलूप नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी वरच्या मजल्यावरचे अण्णा आले. वय त्र्याहत्तर, सरकारी नोकरीतून निवृत्त. "अरे, तुझी गाडी देतोस का तासभर? बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय." मी चावी दिली. चावी चक्क सापडली होती, त्या आनंदात बटणाची आठवण झाली नाही. आमची बँक कोथरूडात, सोसायटीपासून चार मिनिटांवर आहे, हेही तेव्हा सुचलं नाही. शिवाय हा दाखला २०१४ पासून घरबसल्या, ऑनलाइन देता येतो. हल्ली तर फोनला नुसता चेहरा दाखवला तरी चालतो. पण अण्णांचा बाणा असा, की आपण जिवंत आहोत हे सांगायला माणसाने स्वतः जावं.

तास झाला, गाडी नाही. मला भाजी आणायची होती. म्हणून, शपथेवर सांगतो, फक्त म्हणूनच, मी फोनवर गाडी कुठे आहे ते पाहिलं. ठिपका नारायण पेठेत होता.

"नारायण पेठेत कुठली बँक?" बायको मागून म्हणाली. मी दोन बोटांनी नकाशा मोठा केला. एक बोळ, त्यात एक जुनी इमारत. ठिपका ढिम्म. आम्ही दोघं शेवटचं षटक बघावं तसे सोफ्यावर बसलो. एवढ्यात दारात वहिनी, हातात वाटी. "थोडं विरजण आहे का हो? काय बघताय एवढं?" मी फोन वर्तमानपत्राखाली सरकवला. ज्यात बघण्यासारखं काही नव्हतं असा फोन मी आयुष्यात पहिल्यांदाच लपवत होतो. वहिनी म्हणाल्या, "आमचे हे बँकेत गेलेत, फार गर्दी असणार." बायकोने विरजण देताना असा चेहरा केला, की त्यावर कुठलीही बँक दाखला नाकारेल.

पाळत ठेवणाऱ्याची मजा असते असं आपण उगाच समजतो. मला तर त्या दीड तासात नीट श्वास घेता येईना. आता वहिनींशी जिन्यात काय बोलायचं? 'काय, कसं काय' म्हणायचीही चोरी.

अण्णा आले ते लालबुंद होऊन. मे २०२४ मध्ये अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनी मिळून एक चांगली सोय केली. दुसऱ्याचा ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरत असेल, तर फोन कुठल्याही कंपनीचा असो, तो तुम्हाला सावध करतो. तसं त्याने अण्णांनाही केलं. शिवाय त्या ट्रॅकरचा आवाज वाजवून बघा, असंही म्हणाला. अण्णांनी फोनवर तसं दाबलं.

पार्किंगमध्ये अण्णा ओरडत होते. "यमन चालला होता! आणि माझ्या खिशात पाखरू किंचाळायला लागलं! मास्तर म्हणाले, अण्णा, हा स्वर पेटीत नाही!"

"पेटी?"

"पेटी शिकतोय मी. नारायण पेठेत. घरी वाजवायची सोय राहिलीय का? २००९ च्या सभेत लेखी तक्रार कोणी केली होती? तेव्हापासून हिने शपथ घातलीय, या घरात भाता उघडायचा नाही म्हणून!"

तक्रार मीच केली होती. दोन पानी होती.

"आणि आता पाळत! २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे!" किराणा दुकानात दोन पॉइंटांसाठी स्वतःहून मोबाइल नंबर सांगणारे हेच अण्णा. पण हे बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

रात्री मी एआयला म्हटलं, शेजाऱ्याची माफी मागायची आहे, मराठीत चिठ्ठी लिहून दे. नेमकेपणा यावा म्हणून सगळं सविस्तर टाइप केलं: अण्णा, वहिनी, पेटी, शपथ, बोळ, मजला. त्याने लिहिलं, 'आदरणीय महोदय, आपणांस झालेल्या असुविधेसाठी मी हृदयाच्या तळापासून क्षमाप्रार्थी आहे.' खाली विचारलं, 'हे अधिक प्रांजळ करू का?' बायको खांद्यावरून वाचत होती. "वहिनींना कळू नये म्हणून फोन लपवलात, आणि इथे यमनसकट सगळं सांगून मोकळे झालात?" मी ते पुसलं. पुसलं गेलं का, कोण जाणे. चिठ्ठी दिली नाही, दुसऱ्या दिवशी चितळ्यांची बाकरवडी नेऊन दिली.

पुढच्या मंगळवारी अण्णा पुन्हा आले. मी चावी दिली. त्यांनी जुडग्यातून बटण सोडवलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटवली. अष्टविनायक घेऊन गेले.

गाडी फाटकाबाहेर पडते तोच वरच्या गॅलरीतून वहिनींनी विचारलं, "अहो, हे कुठे निघाले पुन्हा?"

"बँकेत," मी म्हणालो.

"दाखला झाला ना गेल्या मंगळवारी?"

"फोटो नीट आला नव्हता म्हणे."

खिशातला फोन काढून पाहिला. त्याच्या मते स्कूटरची चावी घरीच होती.