‘हात थरथरला की ब्लफ’ सांगणाऱ्या पोकरच्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगा 25 हजार भरायला निघालाय. तू बोल की त्याच्याशी." पोरगा म्हणजे माझा भाचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचचा हिशोब बघतो. 25 हजार म्हणजे त्याचा सव्वा महिन्याचा पगार. कशासाठी, तर गोव्यातल्या एका पोकर टूर्नामेंटची एंट्री फी. 2025 च्या जूनमध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झाल्यापासून गोवा आपल्याला शेजारच्या पेठेसारखं वाटायला लागलंय, ते एक आहेच. पण हे खूळ डोक्यात घातलं व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजने. तोच मेसेज त्या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला होता. त्यातला एक ग्रुप गणपतीच्या वर्गणीचा आहे.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो, पोकरमध्ये पत्ते खेळत नाहीत, माणसं खेळतात. चेहरा वाचता आला तर कुठल्याही पत्त्यांवर जिंकता येतं. चिप्स (पैशांच्या जागी लावायच्या चकत्या) सरकवताना समोरच्याचा हात थरथरला की तो ब्लफ मारतोय, म्हणजे हलक्या पत्त्यांवर मोठं लावून घाबरवतोय; डोळे झाकून कॉल करा, म्हणजे त्याने लावलंय तेवढं तुम्हीही लावा. नजर उजवीकडे गेली की तो खोटं बोलतोय. एक्क्यांची जोडी आली की हरणं अशक्य, सगळं लावा. 2003 साली अमेरिकेतल्या एका साध्या अकाउंटंटने समोरच्याला असंच वाचून 25 लाख डॉलर जिंकले. कोर्टाने पोकरला कौशल्याचा खेळ ठरवलंय, त्यामुळे सगळं कायदेशीर आणि करमुक्त. आणि शेवटी एका ॲपची लिंक, ‘खरे पैसे लावून सराव करा’.

मी 11 वर्षं पोकर खेळतोय. वर्षातून एकदा-दोनदा गोव्याला जातो, परत आल्यावर गेलेले आणि आलेले पैसे वहीत मांडतो. म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे असं मी धरून चालतो.

आधी हाताचं घेतो, कारण याच एका वाक्यापायी पोरांचे पैसे बुडणार आहेत.

माझेही बुडाले होते. चौथ्या की पाचव्या टूर्नामेंटची गोष्ट. ब्लाइंड 500-1000, शिवाय 1000 चा अँटी (दोन्ही म्हणजे पत्ते बघण्याआधीच सक्तीने भरायच्या रकमा). माझ्यासमोर 40 हजारांच्या चिप्स. टेबलावर एक साठीचे गृहस्थ होते, दोन तासांत त्यांनी मोजून तीन डाव खेळले होते, बाकी सगळे पत्ते गुपचूप टाकले होते. त्यांनी पहिल्याच जागेवरून 2500 केले. डीलर बटण माझ्यापुढे, म्हणजे फ्लॉपपासून बोलायची पाळी माझी सगळ्यात शेवटी; हातात एक्का-राणी. मी कॉल केलं, बाकीचे गेले. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडायचे पहिले तीन पत्ते, पडला किलवर राणी, चौकट अठ्ठी, इस्पिक तिर्री. माझी राण्यांची जोडी, सोबत एक्का. त्यांनी 3000 लावले, मी कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, बदाम पंजी. त्यांनी 8000 लावले, मी कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, किलवर दुर्री, म्हणजे बहुधा कुणाच्या काही उपयोगाची नाही. त्यांनी उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, आणि ढकलताना त्यांची बोटं अशी थरथरत होती की वरच्या दोन चिप्स घरंगळून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, सापडला! कॉल. त्यांनी पत्ते उलटले: दोन अठ्ठ्या. फ्लॉपपासून त्यांच्याकडे तीन अठ्ठ्या होत्या.

त्या डावात वाचण्यासारखं सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं. दोन तास पत्ते टाकत बसलेला माणूस पहिल्या जागेवरून रक्कम वाढवतो, म्हणजे त्याच्यामागे आठ जण अजून बोलायचे असताना वाढवतो. मग तीनदा लावतो आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त लावतो. अशा माणसाकडे राणीच्या एका जोडीपेक्षा बरं काहीतरी असणार, हे कळायला चेहरा लागत नाही. मी ते सगळं सोडून बोटं बघत बसलो.

बोटं थरथरतात ती ॲड्रेनलिनने. दोन तास वाट बघून मोठा डाव लागला की अंगातून वीज गेल्यासारखं होतं, आणि ते हाताला आवरत नाही. ब्लफ मारणारा नवशिका बहुतेक वेळा उलट करतो. अंग चोरून बसतो, श्वास रोखतो, पुतळ्यासारखा होतो, कारण त्याला कुणाचं लक्ष नको असतं. पोकरचे जुने जाणकार माइक कॅरो यांनी टेबलावरच्या या खाणाखुणांवर 1984 साली अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही थरथरणारा हात ही चांगल्या पत्त्यांची खूण म्हणूनच येते. म्हणजे जी गोष्ट चाळीस वर्षांपासून खेळणाऱ्यांना माहीत आहे तिची बरोब्बर उलटी मेसेजवाल्याने छापली, वर ‘डोळे झाकून कॉल करा’ हेही सांगितलं.

उलटी तरी नेहमी खरी असते का? तेही नाही. एसीच्या गारठ्याने हात थरथरतो, वयाने थरथरतो, रात्रभर प्रवास करून उपाशी बसलेल्याचा थरथरतो. तो माणूस पाणी पिताना, चिप्सची चळत रचताना कसा हात हलवतो हे तासभर पाहिलं असेल, तरच त्या थरथरण्याला काही अर्थ.

आता चेहऱ्याचं. इथे माझ्याकडे अनुभवापेक्षा भक्कम पुरावा आहे. मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. त्यांनी 2009 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या अमेरिकेतल्या मोठ्या वार्षिक स्पर्धेतल्या, खेळाडू चिप्स लावतात त्या क्षणांच्या छोट्या चित्रफिती घेतल्या. काही लोकांना फक्त चेहरा दाखवला, काहींना कमरेच्या वरचं सगळं अंग, काहींना फक्त हात. आणि विचारलं, याचे पत्ते किती चांगले आहेत ते सांगा. फक्त चेहरा बघणाऱ्यांना त्याचा काही फायदा झाला नाही, झाला तर किंचित तोटाच. सगळं अंग बघणाऱ्यांचं उत्तर नाणं उडवून सांगितल्यासारखं. फक्त हात बघणाऱ्यांचा अंदाज मात्र नशिबापेक्षा थोडा बरा ठरला. ज्यांचे हात सफाईने, न अडखळता हलत होते त्यांचे पत्ते चांगले असण्याकडे कल दिसला. म्हणजे थरथरणाऱ्या हाताच्या खुणेवरही आंधळा भरवसा नकोच.

तर मेसेजमधलं एवढं अर्धं मला मान्य करावं लागतं, मनाविरुद्ध का होईना, की हातांकडे बघावं. पण चेहऱ्याबद्दल जे सांगितलंय ते साफ खोटं आहे. मोठ्या खेळाडूंचे चेहरे कसलेले असतात, ते तुम्हाला जे दिसावं असं वाटतं तेच दाखवतात. आणि हातांचा तो फायदाही ‘थोडा’ आहे, शंभर डावांच्या सरासरीत दिसणारा. एका डावावर 25 हजार लावणाऱ्याला तो वाचवणार नाही.

उजव्या नजरेचं एका वाक्यात संपवतो: 2012 साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांच्या गटाने हे तपासून पाहिलं आणि नजर कुठल्या बाजूला जाते याचा खोटं बोलण्याशी काहीही संबंध सापडला नाही.

भाचा दुपारी घरी आला तेव्हा मी त्याला हा अभ्यास सांगितला. त्याचा विश्वास बसेना. "मामा, तुमचा चेहरा तर मला लहानपणापासून पाठ आहे की." म्हटलं, बस मग. चादर अंथरली, चिप्सच्या जागी शेंगा घेतल्या, आणि त्याच्या वहीत दोन रकाने पाडले. 20 वेळा मी लावलं, 20 वेळा त्याने माझ्या तोंडाकडे निरखून बघून ब्लफ की खरं ते लिहिलं. 11 बरोबर आले. मग सांगितलं, आता माझ्याकडे बघूच नकोस, चादरीकडे बघ. किती शेंगा, कितव्या पत्त्यावर, आधी किती लावल्या होत्या. त्या 20 मध्ये 14 बरोबर आले. 20 डावांनी काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, आणि तोपर्यंत त्याचा हातही बसला असेल. पण दुसऱ्या फेरीत तो पहिल्यांदाच प्रश्न विचारायला लागला: "फ्लॉपला तुम्ही गप्प होता, मग रिव्हरला एकदम एवढ्या का?" वाचणं म्हणतात ते हेच. लावलेल्या रकमांची एक गोष्ट बनते, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळते का, हे बघायचं.

टूर्नामेंटमध्ये तर यात अजून भर पडते, कारण ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत राहतात. ज्याच्याकडे 8 मोठ्या ब्लाइंडइतक्याच चिप्स उरल्यात त्याचं ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) आणि 60 वाल्याचं ऑल-इन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला थांबून चालतच नाही, तो साध्या पत्त्यांवरही ढकलणार. आणखी दोन-तीन जण बाद झाले की उरलेल्यांना बक्षीस, अशी वेळ आली की मध्यम चिप्सवाले घाबरून चांगले पत्तेही टाकतात आणि मोठा ढीगवाला त्यांना ओरबाडतो. हे सगळं चिप्स मोजून कळतं. 2017 च्या जानेवारीत लिब्राटस नावाच्या संगणकाने पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार नामवंत खेळाडूंना, एकेकट्याशी खेळून, 1 लाख 20 हजार डावांत हरवलं. त्याला कुणाचा चेहरा दिसत नव्हता.

एक्क्यांची जोडी. 52 पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या 1326 जोड्या होतात, त्यातल्या 6 एक्क्यांच्या. म्हणजे 221 डावांत सरासरी एकदा. तासाला 25-30 डाव धरले तर दिवसभर बसून एकदा कधीतरी. आली आणि समोर राजांची जोडी असली तरी साधारण शंभरात 18 वेळा तुम्ही हरता. चार जण मागे लागले, प्रत्येकाकडे कुठलेही पत्ते असले, तर जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम थोडी वर राहते. चांगलेच पत्ते आहेत, लावायलाच हवेत. पण ‘हरणं अशक्य’ हे शब्द वाचून कुणी उसने पैसे आणून लावले तर?

तो अकाउंटंट. ही गोष्ट खरी आहे. क्रिस मनीमेकर, 2003 ची वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा, 839 खेळाडू, पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर, आणि तो आत आला एका स्वस्त ऑनलाइन पात्रता फेरीतून. पण त्याच स्पर्धेतला सगळ्यात गाजलेला डाव मेसेजवाल्याने बघितलेला दिसत नाही. शेवटच्या दोघांत मनीमेकरसमोर सॅमी फारहा होता, मुरलेला व्यावसायिक. मनीमेकरचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) हुकला, जोडीही नाही, हाती फक्त राजा, आणि त्याने सगळ्या चिप्स पुढे केल्या. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो जिंकत होता. तो मनीमेकरकडे बघत बसला, फ्लश हुकला असेल ही शंकाही बोलून दाखवली, आणि तरी पत्ते टाकले. आयुष्य टेबलावर काढलेल्या माणसाची ही गत. आणि मेसेज सांगतो की आमच्या भाच्याने सहा मुद्दे वाचून हे करावं.

उरलेले 838 जण त्या मेसेजात नाहीत. 2024 च्या त्याच स्पर्धेत 10,112 जण उतरले, पैसे मिळाले 1,517 जणांना. साधारण सात माणसांत एक. त्या एकातही बहुतेकांना फीच्या दीडपट-दुप्पट काहीतरी हाती लागतं, त्यातून प्रवास आणि हॉटेल वजा करायचं.

कायद्याचं लवकर आटोपतो. कोर्टाचं अर्धं खरं आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 साली पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याचं मानलं, पण गुजरात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2017 मध्ये तो जुगारच आहे असा निकाल दिला होता. गोव्यात परवानाधारक कॅसिनोत खेळणं तिथल्या कायद्यात बसतं. आपल्याकडे महाराष्ट्रात कॅसिनोचा 1976 चा कायदा कधी अंमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच केला. करमुक्त तर बिलकूल नाही: जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर, आणि आधी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. माझ्या वहीत दोन वर्षं अशी आहेत की मी एकूण तोट्यात होतो आणि तरी कर भरला होता.

आणि ती लिंक. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे. त्यांची जाहिरात करणंही गुन्हा आहे. सराव म्हणून जे ॲप पुढे केलंय त्यात टाकलेले पैसे परत मागायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार? हा मेसेज मुळात त्या लिंकसाठीच लिहिलेला आहे असं माझं मत आहे. ज्या ज्या ग्रुपवर आला तिथे मी हेच लिहिलंय आणि ॲडमिनना तो काढायला सांगितलंय. वर्गणीच्या ग्रुपवरून लगेच काढला, बाकी दोन ठिकाणी अजून आहे.

भाच्याला मी जाऊ नको असं म्हटलेलं नाही. फी भरायची मुदत गुरुवारपर्यंत आहे. तोवर रोज रात्री जेवणं झाली की चादर अंथरायची असं ठरलंय, आणि प्रत्येक डावाला आपण काय बघून कॉल केलं ते त्याने वहीत लिहायचं. काल रात्रीच्या पानावर सात ठिकाणी ‘मामा हसले’ लिहिलंय. त्यातल्या पाच डावांत शेंगा माझ्याकडे आल्या.