कुंपणाला दिवा कसा लावावा

समजा, उद्या तुमच्या पदरात एखादी वसाहत पडली (नशीब कुणाचं कधी उघडेल, सांगता येत नाही) आणि तिथली रयत रानातल्या बंडखोरांना तांदूळ पोचवते असा तुम्हाला संशय आहे. घाबरू नका. इंग्रजांच्या ताब्यातल्या मलायात (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पाचा भाग) कम्युनिस्ट बंडखोरांशी लढणाऱ्या ब्रिटिश जनरल सर हॅरल्ड ब्रिग्ज यांनी १९५० साली सगळं आखून ठेवलंय.

पहाटे वस्तीला वेढा घाला. माणसं, कोंबड्या, गाठोडी ट्रकात भरा आणि मागची झोपडी पेटवून द्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अमलात पोटासाठी रानाच्या कडेला भाजीपाला पिकवत बसलेले हे चिनी शेतकरी. जमिनीचा कागद बहुतेकांकडे नसतोच, त्यामुळे वकिलाचा खर्च वाचतो. अशी पाचेक लाख माणसं काटेरी तारेआड बसवली की त्या जागांना ‘नवी गावं’ म्हणावं.

आता वीज. नवशिके इथेच चुकतात, हौसेनं घराघरांत बल्ब लावायला निघतात. घरात बल्ब लावून दिसणार काय? जेवणारी पोरं! दिवे आधी कुंपणावर. तारेच्या कडेनं रात्रभर लख्ख उजेड पाहिजे, म्हणजे तांदळाची पुरचुंडी पलीकडे कोण टाकतंय ते चौकीवरच्या शिपायाला दिसतं. घरात रॉकेलचा दिवा चालेल. संचारबंदीत त्यांना जायचंय कुठे? अहवालात मात्र ‘गावात वीज आली’ एवढंच लिहा. गावाच्या कुठल्या कडेला आली, हे साहेब विचारत नाहीत.

उजेडातूनही धान्य निसटलंच तर दुकानदाराला डबाबंद मासळी विकतानाच डब्याला भोक पाडायला सांगा. तांदूळ सरकारी चुलीवर शिजवूनच वाटा. त्या दमट हवेत भात रानात पोचेपर्यंत आंबतो. स्वयंपाकघरात एवढं लक्ष सासूही घालत नाही.

तरी लोक तोंड उघडत नसतील, तर उच्चायुक्त जनरल टेम्पलर यांचा कित्ता गिरवा. मार्च १९५२ मध्ये तांजोंग मालिमजवळ बंडखोरांनी बारा जणांना मारलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या गावावर दिवसाचे २२ तास संचारबंदी लादली आणि रेशनचा तांदूळ कापला. लोकांची मनं जिंकली पाहिजेत, हेही याच साहेबांचं म्हणणं. तेव्हा कुंपणावरच्या दिव्यांचा खर्च बंदोबस्ताच्या खाती टाकायचा की मनं जिंकण्याच्या, तेवढं आधीच ठरवून ठेवा. वर्षअखेरीला कारकून गोंधळतो.