‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणणाऱ्या आईबापांसाठी

बारावी झालेल्या पोराला बँकेची स्लिप भरता येत नाही, तहसीलला एकटं गेलं तर कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते कळत नाही. लातूर असो की परभणी, ही तक्रार घरोघर ऐकू येते. बारा वर्षं ज्यांनी ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो’ म्हटलं, तक्रार करायलाही तेच पुढं.

आपल्याकडं लेकरांना कामं कमी पडतात असं नाही. पण काम मिळतं ते तुकड्यातलं. ‘जा, बोअर बंद करून ये.’ ‘तेवढी चार पोती आत टाक.’ डोकं बापाचं, हातपाय पोराचे. काम बिघडलं की पोरगं म्हणतं, तुम्हीच सांगितलं होतं. आणि त्याचं खरंही असतं.

म्हणून एकच काम द्या, पण सगळं द्या. तारीख त्याची, निर्णय त्याचा, हिशेब त्याचा आणि चुकलं तर निस्तरणंही त्याचंच.

उदाहरण घ्यायचं तर घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासणं. दहावी-अकरावीच्या लेकराला हे पूर्ण सोपवता येतं. मेच्या मध्यात सुरू करायला सांगा. बियाण्यासाठी ठेवलेल्या प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढून एकत्र करायचे आणि त्यातून न निवडता 100 मोजायचे. लेकरं इथंच चुकतात, टपोरे दाणे वेचून घेतात आणि आकडा फुगतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं, पण निथळेल एवढं नाही, नाहीतर दाणे कुजतात. अशा तीन गुंडाळ्या केल्या तर सरासरीवर भरवसा ठेवता येतो. सहा-सात दिवसांनी धड कोंब आलेले दाणे मोजायचे. 70 निघाले तर एकरी 30 किलो बियाणं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवत जायचं, म्हणजे 60 ला 35 किलो. साठच्याही खाली आलं तर ते बियाणं पेरायचं नाही, दुसरं बघायचं.

बापानं एवढंच विचारायचं: किती उगवले, आणि मग काय ठरवलंस? पाणी शिंपडायचं विसरलं, गुंडाळी वाळली, तर तोटा तीनशे दाण्यांचा. मृगाला अजून वेळ असतो, परत मांडता येतं. पहिलं काम असंच निवडावं. तारीख पक्की, निकाल डोळ्यांना दिसणारा आणि चूक परवडणारी.

पुढचं काम ई-पीक पाहणीचं, म्हणजे शेतातलं पीक मोबाईल ॲपवरून सातबाऱ्यावर नोंदवण्याचं. बऱ्याच घरांत बाप यासाठी गावातल्या कुणाच्या तरी हातापाया पडतो आणि घरातलं सोळा वर्षांचं पोरगं शेजारी बसून रील बघत असतं. त्याला सातबारा हातात द्या, गट नंबर आणि क्षेत्र त्यालाच वाचू द्या. फोटो शेतात उभं राहूनच काढायचा. गडबड होते ती सोयाबीनमध्ये तूर असली की. पोरं नुसतं सोयाबीन टाकून मोकळी होतात, तूर कागदावर येतच नाही आणि हमीभाव केंद्रावर तूर घालायची वेळ आली की अडतं. चुकलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करता येते. ही दुरुस्तीसुद्धा त्यालाच करू द्या.

काम सोपवण्याची रीत साधी आहे. एकदा करून दाखवायचं, एकदा दोघांनी मिळून करायचं, एकदा ते करत असताना तोंड बंद ठेवून बघायचं आणि मग बाजूला व्हायचं. आपली माणसं अडकतात ती तिसऱ्या पायरीवर. पोरगं जरा घोटाळलं की ‘दे इकडं, तुला नाही जमायचं.’ तेही पाहुण्यांसमोर. त्यानंतर ते पोरगं कशाला हात लावेल?

आता लातूर, संभाजीनगर, नांदेडला खोली करून राहणाऱ्यांचं. मागेल तेव्हा दोनशे, पाचशे पाठवणं बंद करा. महिन्याच्या 1 तारखेला एकदाच रक्कम, खोलीभाडं आणि मेसचे पैसे धरून. पहिल्या दिवशी ते दोन खर्च भागवायचे, उरलेल्याचे चार आठवडे पाडायचे, वहीत तारीख-खर्च-शिल्लक लिहायचं. पहिल्या महिन्यात पैसे 20 तारखेलाच संपणार हे धरून चला. तेव्हा आई गुपचूप फोनपे करते आणि सगळी शिस्त तिथंच मोडते. म्हणून आईबापांनी आधी आपसात ठरवावं: दवाखाना आणि गावी येण्याचं भाडं कधीही मिळेल, बाकी पुढच्या 1 तारखेला. मात्र फोनवर पोराचा आवाज पडलेला वाटला, तर हिशेब राहू द्या आणि गाडी धरून भेटून या. नीटच्या तयारीतल्या लेकरांचा ताण पैशाच्या वहीत दिसत नाही.

काही कामं देऊच नयेत. फवारणी, मळणी यंत्र, ओल्या हातानं मोटरचा स्टार्टर. आणि मोटरसायकल. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली तर 2019 च्या कायदादुरुस्तीनं पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी हौसेनं देणारा बाप त्याच पोराला मोंढ्यातली काटापट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या वजनाची पावती, मात्र वाचू देत नाही, हे मला कधी कळलेलं नाही.

पोरींचं उलटं आहे. धुणंभांडी, धाकट्याला सांभाळणं दहाव्या वर्षापासून, पण पैसा आणि निर्णय दूर. काटापट्टीवरचं वजन, हमाली, तोलाई ताडून बघायचं काम तिला द्या. आणि बीडकडं आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहून घर चालवणाऱ्या लेकरांना जबाबदारी शिकवायला कुणी जाऊ नये. त्यांच्यावरचं ओझं कमी कसं होईल ते बघावं.

अकरावीला गेलेल्यांसाठी शेवटचं काम, आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर: जात वैधतेची, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याची फाईल. पालकानं फक्त सह्या करायच्या, बाकी धावपळ लेकराची. सुरुवात शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवण्यापासून. एखादी वेलांटी वेगळी निघाली तर आधी ती दुरुस्ती, मग अर्ज. वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदी काढायला जुन्या शाळेत जावं लागतं आणि उन्हाळ्यात गुरुजी भेटत नाहीत, म्हणून हे दिवाळीच्या आत उरकायचं. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) वाल्यांनी नॉन-क्रिमीलेअरच्या, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची मुदत त्याच दिवशी बघून ठेवावी. ती 31 मार्चला संपते, आणि प्रवेश असतात त्यानंतर.