‘सोयीसाठी तिथी सरकवली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ज्यूंच्या पंचांगावर तुमचे आक्षेप दोन. १५ सप्टेंबर २०२३ च्या सकाळी अमावस्या संपली, तरी त्यांचा नववर्षाचा सण, रोश हशाना, १६ ला धरला, म्हणजे सोयीसाठी देवाची तिथी सरकवली. आणि आपला अधिकमास २०२३ मध्ये येऊन गेला, त्यांचा २०२४ मध्ये, म्हणजे त्यांचं गणित कच्चं.

तिथी सरकलेली नाही. रोश हशाना, कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचा नव्याचा सण, तिश्री महिन्याच्या १ तारखेलाच असतो आणि योम किप्पूर, म्हणजे मोठ्या उपासाचा दिवस, १० लाच. सरकते ती महिन्याची सुरुवात. त्या वर्षी तिश्रीचा मोलाद, म्हणजे गणिताने काढलेला चंद्राचा जन्म, शुक्रवारी, १५ सप्टेंबरला, पहाटे ५ वाजून ४९ मिनिटांनी येत होता. शुक्रवारी वर्ष सुरू केलं असतं तर योम किप्पूर रविवारी आला असता. शनिवारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा चूल पेटवायची नाही. लगेच रविवारी कडक उपास, तेव्हाही नाही. तल्मुद या ज्यू धर्मग्रंथामध्ये याची दिलेली कारणं अगदी घरातली आहेत: भाजी सुकते, आणि कुणी गेलं तर प्रेत दोन दिवस पडून राहतं. ज्यूंमध्ये दफन शक्य तितक्या लवकर करतात, हे ध्यानात घेतलं तर याला नुसती सोय म्हणवत नाही. बुधवारीही वर्ष सुरू होत नाही, कारण मग योम किप्पूर शुक्रवारी येतो. रविवार टाळतात तो होशाना रब्बा, म्हणजे तिश्रीच्या २१ तारखेचा सण, शनिवारी येऊ नये म्हणून. त्या दिवशी वाळुंजाच्या डहाळ्या जमिनीवर आपटतात, ते शब्बाथला चालत नाही.

हा पुढे ढकललेला दिवस तिश्रीनंतरच्या हेश्वान आणि किस्लेव या दोन महिन्यांत जिरवतात. हिब्रू वर्ष ५७८३ मध्ये दोन्ही ३० दिवसांचे केले, वर्ष ३५५ दिवसांचं झालं. पुढच्या ५७८४ मध्ये, म्हणजे या रोश हशानाला सुरू झालेल्या वर्षात, दोन्ही २९ चे, म्हणून अधिकमास धरूनही ३८३ दिवस. शिवाय दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे छापील तारीख १६ असली तरी सण १५ च्या संध्याकाळीच लागला.

अधिकमासाचं म्हणाल तर आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीत प्रवेश, नाही तो अधिक, म्हणून २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. त्यांच्याकडे १९ वर्षांचं ठरलेलं चक्र आहे: ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ वं वर्ष अधिक. ५७८४ ला १९ ने भागा, बाकी ८ उरते, म्हणजे ते अधिक वर्ष, आणि त्याचा वाढीव महिना २०२४ मध्ये आला. वाढवायचा महिना मात्र नेहमी अदारच, कारण त्यानंतर निसान येतो आणि निसानमधला पेसाह, इजिप्तमधून सुटकेचा सण, वसंतातच पडला पाहिजे, अशी तोराह या त्यांच्या मूळ धर्मग्रंथाची आज्ञा आहे.

गणितात खोट शोधायचीच असेल तर ती इथे आहे. या चक्रातलं सरासरी वर्ष सौरवर्षापेक्षा सहा-सात मिनिटांनी मोठं पडतं, साधारण सव्वादोनशे वर्षांत एक दिवस. २०२४ मध्ये विषुवदिन २० मार्चला, पौर्णिमा २५ मार्चला, आणि पेसाह थेट २३ एप्रिलला. चक्राच्या ८ व्या, ११ व्या आणि १९ व्या वर्षी हल्ली पेसाह असा महिनाभर उशिरा पडतो. दुरुस्ती करण्याचा अधिकार सान्हेद्रिन या ज्यूंच्या प्राचीन धर्मसभेचा होता, आणि ती सभा आज अस्तित्वात नाही.