फियाटचे दुखणे आणि रामबागेचे वैद्य

इंदूरच्या रामबागेत माणसे जमवायला आमंत्रण लागत नाही. गाडीचे बॉनेट उचलले की पुरते. काका पुण्याला मुलाकडे गेल्यापासून आमची जुनी फियाट, म्हणजे कागदोपत्री 1089 सीसीची प्रीमियर पद्मिनी, वाड्यात ताडपत्रीखाली उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरताच, ज्यांनी जन्मभर लुनाखेरीज काही चालवले नाही, तेही सल्ला द्यायला हजर झाले.

बॅटरी मेलेली होती, ती बदलली. टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येत होता, कारण साठलेल्या पेट्रोलमधला चटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, जेटमध्ये (बारीक छिद्राच्या तोटीत) जाऊन बसतो. मिस्त्रीने टाकी रिकामी करून फिल्टर बदलला, आणि तो इवलासा पितळी जेट उजेडासमोर धरून एक डोळा मिटून पाहिला. शेजारच्या नानांनी लगेच तार पुढे केली. "भिया, तार से छेद बड़ा हो जाएगा," एवढेच म्हणून मिस्त्रीने हवेच्या दाबाने जेट साफ केला.

चोक ओढताच गाडी सुरू झाली, जवाहर मार्गापर्यंत ऐटीत गेली आणि ऐन गर्दीत तिने मान टाकली. जरा वेळ थांबले की निमूटपणे सुरू होई, आणि तेवढेच अंतर जाऊन पुन्हा बंद पडे.

आता गल्लीत दोन पक्ष झाले. एकाच्या मते ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल तापत होती. नानांच्या मते मे महिन्याच्या उन्हात, टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होत होती. दोन्ही शंका रास्त होत्या, म्हणून मी नवी कॉइल बसवली आणि नानांनी स्वतःचा पंचा भिजवून पंपावर गुंडाळला. पुढे पहाटेच्या गारव्यातही गाडी बंद पडली, तेव्हा उन्हाचा पक्ष लंगडा झाला. पंचा मात्र जागचा हलला नाही.

शेवटी गाडी बंद पडताच मिस्त्रीने टाकीचे झाकण फिरवले, आणि हवा आत शिरल्याचा लांबलचक सुस्कारा आम्हा सर्वांना ऐकू आला. पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत हवा यावी म्हणून झाकणाला जे बारीक छिद्र असते, ते मातीने गच्च बुजले होते. बहुधा कुंभारीण माशीने तिथे बिऱ्हाड थाटले असावे. टाकीत हवा शिरेना, म्हणून पंपाने कितीही ओढले तरी पेट्रोल येईना. थांबल्यावर कुठून तरी थोडी हवा झिरपे आणि गाडी तेवढ्यापुरती शुद्धीवर येई. कॉइलचे पैसे देऊन बसल्यावर हे शास्त्र फार चटकन समजते. मिस्त्रीने टाचणीने छिद्र मोकळे केले आणि गाडी राजवाड्याला वळसा घालून विनातक्रार परत आली.

आम्ही उतरायच्या आधीच नानांनी गाडीला गाठले, बॉनेट उघडायला लावले, पंचा चाचपला आणि जमलेल्या मंडळींना सांगितले, "बघा, अजून ओला आहे."