सहाला सायकलपाशी, सव्वादहाला गाडीपाशी: एका कमेंटला उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट शनिवारी वाचली आणि खरं सांगते, आधी चिडचिडच झाली, लगेच उत्तर टाइप करायला घेतलेलं, मग म्हटलं नको, दोन दिवस जाऊ देत. नाव टाकलं नाहीये तुम्ही त्यामुळे दादा म्हणू की काका की ताई कळत नाहीये, पण ज्या थाटात हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचा दाखला दिलाय त्यावरून आमच्या आधीच्या पिढीतले पक्के भटके वाटताय, तर काका म्हणते, चुकलं असेल तर माफ करा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, स्कॉटलंडमधल्या बेन ऑल्डर या डोंगरावरच्या माझ्या लेखावर काकांचं म्हणणं असं की पंधरा किलोमीटर सायकलने आत जायचं आणि मग चढायचं ही चीटिंग, एका दिवसात उरकणं म्हणजे यादीवर टिक मारणं, एकटीने जाणं हा बेजबाबदारपणा, आणि सगळ्यात शेवटी, सहा वाजता सायकलपाशी पोचले असं लिहिलंय आणि गाडीपाशी काढलेल्या फोटोखाली वेळ आहे सव्वादहा, तर पंधरा किलोमीटरला सव्वाचार तास कसे लागले?

शाब्बास. एवढ्या लोकांनी वाचला तो लेख, घरच्यांनी पण वाचला, कुणाच्या लक्षात आलं नाही. लपवलं होतं मी. आधी तेच सांगून टाकते.

डॅलव्हिनी गावाहून सकाळी आठला निघाले. लॉख एरिक्टच्या (लॉख म्हणजे तलाव) काठाने इस्टेटीचा कच्चा रस्ता आहे, लॉजपर्यंत दहा किलोमीटर, ते मजेत गेले, एका बाजूला झाडी, एका बाजूला पाणी. पुढे चढ लागतो, मग लॉख पॅटॅकजवळचं ओसाड सपाट माळरान, तिथे इस्टेटीची तट्टं चरत असतात. त्यापुढे डोंगराच्या पायथ्याशी कुलराकडे जाणारी पायवाट आणि त्या पायवाटेवर पाणी जायला आडवे दगडी चर बसवलेत. दर थोड्या अंतरावर एक. सराईत माणसं सायकल उचलून उडी मारतात म्हणे, मी उतरून ढकलत होते. दहाला कुलरापाशी पोचले, सायकल हेदरच्या झुडपांत आडवी केली आणि चालायला लागले. इथपर्यंतचं लेखात आहेच.

संध्याकाळी सहाला परत आले तेव्हा पाय थकलेले, डोकं त्याहून थकलेलं, आणि सायकल दिसल्यावर जो आनंद होतो ना, की सुटलो, आता बसायचं आणि जायचं. त्या आनंदात सकाळी ज्या चरांपाशी उतरत होते त्यांच्यावरून तशीच दामटली. मागच्या चाकात हवा जरा कमी होती हे सकाळीच जाणवलेलं पण म्हटलं पुरेल. चौथ्या की पाचव्या चरावर धाडकन आदळली, ट्यूब रिम आणि दगडात चिमटली, बसली. एक ट्यूब जास्तीची होती, ती घातली, अर्धा-पाऊण तास गेला कारण हात गार पडलेले आणि मिजेस चावत होत्या (डासाची पिल्लं समजा, पण हजारोंनी येतात आणि पापण्यांवर बसतात). पुन्हा निघाले आणि लॉख पॅटॅकच्या अलीकडे तीच गोष्ट तशीच्या तशी, कारण छोट्या पंपाने मला पुरेशी हवा भरताच आली नव्हती. आता ठिगळ लावणं आलं. पॅच होते, घासायचा कागद होता, आणि पॅच चिकटवायच्या सोल्यूशनची नळी उघडली तर आत पूर्ण वाळलेलं. दगड. कधीतरी दोन वर्षांपूर्वी उघडून ठेवलेली नळी.

सव्वासात वाजले होते. तिथून साधारण साडेअकरा-बारा किलोमीटर सायकल ढकलत आणली. तीन तास. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. दुसरं काहीही कारण नाही.

आता बेजबाबदारपणाबद्दल. सोल्यूशन न तपासणं बेजबाबदारपणा होता, मान्य. हवा न बघणं, तेही मान्य. पण एकटी गेले म्हणून बेजबाबदार हे नाही मानणार, आणि "एकटा" गेला असता तर हाच शब्द आला असता का हा प्रश्न मी विचारत नाहीये, फक्त इथे लिहून ठेवतेय.

माझा हिशोब काय होता ते सांगते कारण तो लेखात यायला हवा होता आणि आला नाही. सायकलची खरी भीती तिच्या वेगात आहे. ती तुम्हाला दीड-दोन तासात अशा जागी नेऊन सोडते जिथून पायी परत यायला चार तास लागतात, आणि त्या दोन तासात तुम्हाला अंतर जाणवतच नाही कारण पायांनी ते मोजलेलंच नसतं. चालत गेलेल्या माणसाचे पायच त्याला सांगतात की बाबा लांब आलोयस, सायकलवाल्याला कोणी सांगत नाही. म्हणून मला पूर्वी एका क्लबमधल्या बाईंनी शिकवलेलं की मागे फिरायची वेळ ठरवताना सायकल चोरीला गेलीये असं धरायचं. तेवढंच केलं मी. शिखरावरून कुलरा सात-आठ किलोमीटर, तिथून डॅलव्हिनी पंधरा, म्हणजे तेवीस, थकलेल्या पायांनी ताशी चार धरले तर सहा तास. जूनमध्ये तिथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो आणि नंतरही बराच वेळ दिसतं. म्हणजे दुपारी तीन वाजता असेन तिथून मागे फिरायचं, शिखर शंभर फुटांवर असलं तरी. दोनला शिखरावर पोचले होते म्हणून प्रश्न आला नाही. आणि नवऱ्याला न्यूटनमोरच्या बी अँड बीमध्ये बसवून सांगितलेलं की अकरापर्यंत फोन आला नाही तर ९९९ (तिथला आपत्कालीन नंबर) लाव, पोलिस माग, आणि माउंटन रेस्क्यू पाहिजे असं सांग. तिथली रेस्क्यू टीम म्हणजे नोकऱ्या सांभाळून येणारी स्वयंसेवक मंडळी असतात, पैसे घेत नाहीत, त्यांना पंक्चरसाठी बोलावणं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आत फोनला रेंज नव्हती, त्यामुळे सव्वादहापर्यंत तो बिचारा काय करत होता ते त्याचं त्यालाच माहीत. म्हणतो मॅच बघत होतो.

चीटिंगचं मात्र पटत नाही काका. हरिश्चंद्रगडाला पाचनईपर्यंत आपण जीपनेच जातो ना? राजूरहून चालत कोण जातं हल्ली? नळीच्या वाटेलासुद्धा बेलपाड्यापर्यंत गाडीनेच येतो, आणि खाली उतरून चहा-भजी खाऊन मग "आम्ही चढलो" म्हणतो, आणि चढलेलोच असतो. फरक इतकाच की बेन ऑल्डरला पायथ्याशी पाचनई नाही. लॉज सोडलं तर वस्ती नाही, पिठलं-भाकरी सांगून ठेवायला कुणी मावशी नाहीत. रस्ता आहे पण तुमची मोटार त्यावर नेता येत नाही, तेव्हा राहिली सायकल किंवा पाय. आणि ही काही आजची फॅशन नाही. स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये छापली, ती पूर्ण करणारा पहिला माणूस म्हणून ज्यांचं नाव घेतात ते रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी १९०१ मध्ये शेवटचा डोंगर केला, आणि ते त्या काळात सायकलवरून फिरायचे. गिअर नसलेली सायकल आणि तेव्हाचे रस्ते. त्यांना कोणी चीटिंग म्हणत नाही.

कायद्याचंही विचारलंत, खाजगी इस्टेटीत सायकल चालते का. चालते. स्कॉटलंडमध्ये २००३ चा लँड रिफॉर्म कायदा आहे, त्यात चालणं, सायकल, घोडा, तंबू टाकून राहणं, सगळ्याला परवानगी आहे, नीट वागायच्या अटीवर. इंग्लंडमध्ये असं नाही हं, तिथे फक्त चालायची पायवाट (फुटपाथ) वेगळी आणि सायकलला चालणारा ब्रायडलवे वेगळा. फक्त स्कॉटलंडमध्येही ऑगस्टपासून २० ऑक्टोबरपर्यंत नर हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम असतो, तेव्हा इस्टेटीकडे चौकशी करून जायचं, मी जूनमध्ये गेले होते.

आणि राहता राहिलं "एका दिवसात उरकणं". इथे तुमचं थोडं बरोबर आहे. कुलराला बॉथी आहे, म्हणजे डोंगरातली साधी बिनकुलपाची निवाऱ्याची खोली, पूर्वी लोक तिथे राहून दोन दिवसात आरामात करायचे, पण तिच्यात ॲस्बेस्टॉस सापडल्यावर ती बंद केली. तंबू नेता आला असता. नेला नाही कारण सोमवारी ऑफिस होतं आणि तंबूचं वजन घेऊन ती सायकल माझ्याने ढकलली गेली नसती. टिक मारायचीच असती तर शेजारचा बेन व्ह्योल पण केला असता, खिंडीतून पुन्हा चढायचा की झाला, एका फेरीत दोन मन्रो (म्हणजे त्या यादीतले डोंगर), बहुतेक लोक तसंच करतात. मी खिंडीत उभी राहिले, घड्याळ बघितलं, आणि तलावाच्या काठाने खाली उतरले. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. सव्वासातला वाळलेलं सोल्यूशन हातात धरून उभी होते तेव्हा नाही वाटलं.

पण हेही खरं की ११४८ मीटरच्या त्या डोंगरावर मी फार थोडं बघितलं. लाँग लेखस नावाच्या दांडावर हाताने धरत चढताना वाऱ्याकडेच सगळं लक्ष. वरती केवढं प्रचंड पठार आहे, कास आठवतं क्षणभर, फक्त फुलांऐवजी दगड आणि शेवाळ, आणि पूर्वेच्या कड्यावर जूनमध्येही बर्फाची एक मळकी पट्टी शिल्लक होती. तिथे मी वीस मिनिटं बसले असेन. कलोडनच्या लढाईत हरल्यानंतर १७४६ च्या सप्टेंबरमध्ये स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स या डोंगराच्या दक्षिण उतारावर त्याच्या बाजूच्या क्लनी मॅकफर्सन या सरदाराच्या लपायच्या जागेत राहिला होता, आणि तो क्लनी तर १७५५ पर्यंत या मुलखात इंग्रजांना सापडला नाही, नऊ वर्षं! ती बाजू मी बघितलीच नाही. वीस मिनिटांत डोंगर कळला असं मी लेखात कुठे म्हटलं नाहीये, पण "बेन ऑल्डर एका दिवसात सहज होतो" असं मात्र म्हटलंय, चौथ्या परिच्छेदात, आणि ते वाक्य वाचून कोणी नवीन मुलगा-मुलगी पुण्याहून मास्टर्सला आलेली, भाड्याची सायकल घेऊन गेली तर? तुमची सगळी कमेंट त्या एका शब्दावर असती तर मी काहीच बोलले नसते. "सहज" काढून टाकलाय. पंक्चरचा भाग घातलाय, हवेसकट. सव्वादहाचा फोटो तसाच ठेवलाय.

बेन व्ह्योल राहिलाय आणि क्लनीची बाजू राहिलीये. पुढच्या मेमध्ये जायचा विचार आहे, मिजेस जोर धरायच्या आधी, या वेळी तंबू घेऊन दोन दिवस. इकडे कुणाकडे येणार असाल तर कळवा, घरात एक जादा सायकल आहे. नाहीतर चालत या, मी लॉख पॅटॅकपाशी थांबते. सोल्यूशनची नवीन नळी घेतलीये, अजून उघडलेली नाही.